वर्षाला एक उडता पक्षी

उडत्या पक्ष्याचा फोटो कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेन्स कोणती? मी सांगते, कॅनॉनची ५५-२५०, जुनी, दोन लेन्सच्या खोक्यात कॅमेऱ्याबरोबर यायची तीच. विचारणारा पुन्हा एकदा फोटोकडे बघतो. थोडा जाणकार असेल तर ट्रायपॉड कुठला होता तेही विचारतो. ट्रायपॉड नव्हता, कॅमेरा हातातच होता. इथं बोलणं संपतं आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं. ती लेन्स धरायची कशी, डोळ्याला लावून वाट कशी बघायची आणि बटण कधी दाबायचं हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात पक्ष्याचा एकही फोटो काढलेला नाही. त्यांनी लग्नं काढली. ते देणं आज कागदावर मांडायचं आहे.

बीडच्या बशीरगंज भागात त्यांचा, म्हणजे चाचांचा, स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मागे काळा पडदा, पडद्याआड एक स्टूल आणि दोन छत्र्या. शाळेतल्या मुलांचे शिष्यवृत्तीच्या अर्जाला लावायचे फोटो काढून घ्यायला मी तिथं जायची. फोटो धुऊन, कापून हातात पडेपर्यंत काउंटरशी बसावं लागे, आणि चाचांना बोलायला आवडे. गेवराई, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, जिथं एसटी जाते आणि जिथं जात नाही तिथली लग्नं त्यांनी काढलेली. सुरुवातीची कितीतरी वर्षं यशिका मॅट १२४ जी या कॅमेऱ्यावर. तो कॅमेरा काचेच्या कपाटात अजून ठेवलेला आहे. त्याचं वरचं झाकण उघडायचं, मान खाली घालून काचेत बघायचं. काचेत चित्र उभं सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलटं. नवरी डावीकडून बोहल्यावर येत असेल तर काचेत ती उजवीकडून येते. एका रोलमध्ये बारा फोटो. आणि फ्लॅश एकदा मारला की पुन्हा भरायला काही सेकंद लागत, तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जाई.

“बेटा, आमच्याकडं निकाहात कुबूल तीनदा म्हणतेत,” चाचा म्हणाले होते. “तुमचा अंतरपाट एकदाच निघतो.”

चाचांना मंगलाष्टका चालीसकट पाठ आहेत. कोणत्या ओळीवर भटजी श्वास घेतात, शेवटच्या मंगलाष्टकाला आवाज कुठं चढतो, आणि ‘सावधान’च्या किती आधी अंतरपाट धरणाऱ्या मामांचं मनगट ताठ होतं. त्या मनगटावर त्यांची नजर असे. अंतरपाट निघालेला दिसल्यावर बटण दाबलं तर फोटोत हार गळ्यात पडलेला असतो आणि नवरी खाली बघत असते. मनगट हललं की दाबायचं. मग अंतरपाट अर्धा उतरलेला, त्याच्या काठावरून दोघांचे डोळे पहिल्यांदा एकमेकांकडे वळलेले आणि अक्षता हवेत. असे फोटो त्यांच्या जुन्या अल्बमांत मी पानोपानी पाहिले आहेत. बारा फोटोंच्या रोलमधला एक, दुसरी संधी नाही, आणि डोळ्यांपुढे उलटी चालणारी माणसं.

मी तेव्हा शिक्षणसेवक होते. महिन्याला सहा हजार मानधन. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ वाचून पक्ष्यांची नावं जमवायला लागले होते आणि रविवारी सकाळी पालीजवळच्या बिंदुसरा तलावावर जायला लागले होते. पाहिलेलं टिपून ठेवायची ओढ लागली होती. त्या सुमारास टॅमरॉन आणि सिग्मा या कंपन्यांच्या १५०-६०० लेन्स बाजारात आल्या. पूर्वी ज्या पल्ल्यासाठी लोक लाखो रुपये मोजत तो पल्ला हौशी माणसाच्या आवाक्यात आला असं सगळीकडे बोललं जात होतं. माझ्या आवाक्यात तोही नव्हता. चाचांनी २०१४ मध्ये कॅनॉनचा १२००डी घेतला होता, दोन लेन्सच्या खोक्यासकट. लग्नाच्या मांडवात ५५-२५० कुणाला लागते? ती कपाटात झाकणासकट पडून होती. पुढे त्यांनी स्टुडिओसाठी दुसरा कॅमेरा घेतला आणि हा सगळा संच मला दिला. पंधरा हजारांना, महिन्याला हजाराच्या हप्त्यानं. चिठ्ठी नाही, जामीन नाही. उधारीच्या वहीत त्यांनी उर्दूत एक ओळ लिहिली आणि मला मोठ्यानं वाचून दाखवली.

हप्ते काही महिने नीट गेले. मग वडील आजारी पडले आणि पैसा सगळा दवाखान्याकडे वळला. चाचांनी विचारलंही नाही. मीच एकदा काउंटरशी जाऊन विषय काढला तेव्हा त्यांनी वही उघडली, माझी ओळ शोधली, आणि बाकीपुढं काहीतरी लिहिलं. “बाकी फोटोत,” त्यांनी वाचलं. वर्षाला एक फोटो, आठ बाय बाराचा, उडत्या पक्ष्याचा. अट एकच: कापलेला चालणार नाही. कॅमेऱ्यात जेवढं आलं तेवढंच कागदावर यायला पाहिजे.

त्या अटीनं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसतं. ५५-२५० ही लेन्स १२००डीवर लावली की जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात चारशेचा पल्ला मिळतो. ऐकायला बरा वाटतो, पण तळ्यावरच्या पक्ष्याला तो फार नाही. चारशेच्या पल्ल्यात धोबी हा पांढरा ठिपका दिसतो. लोक तो ठिपका कापून मोठा करतात, मग पिसं दिसत नाहीत, दाणे दिसतात. कापायचं नाही म्हटल्यावर दोनच वाटा उरतात. एक, मोठे पक्षी निवडायचे: घार, बगळे, करकोचे, शराटी. दुसरी, पक्षी आपल्याकडे येईल अशा जागी आधी जाऊन बसायचं आणि हलायचं नाही.

पहिले धडे चाचांनी स्टुडिओच्या गच्चीवर दिले. घारींवर. शहरात घारी भरपूर, सावकाश उडतात, एकाच वर्तुळात फिरतात, म्हणजे एकदा हुकली तरी पुन्हा त्याच कोपऱ्यावर येते. व्हिडिओच्या जमान्यात चाचांनी खांद्यावर व्हीएचएसचा जड कॅमेरा घेऊन वराती काढल्या होत्या. घोडा पुढे चालतोय, बॅंडवाले मध्ये येतायत, आणि चित्र हललं की गिऱ्हाईक पैसे कापतंय. त्यामुळे शरीर कसं वळवायचं हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. “हात नको फिरवू, कंबर फिरव,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही तळ्यावर कॅमेरा उचलला की ते कानात वाजतं.

ते असं. पाय खांद्याइतके फाकवायचे आणि पावलं पक्षी जिथं असेल तिकडे न करता, तो जिथं पोचल्यावर फोटो हवा आहे तिकडे करून उभं राहायचं. मग कमरेतून मागे वळून पक्ष्याला लेन्समध्ये घ्यायचं आणि त्याच्याबरोबर उलगडत यायचं. बटण दाबायच्या जागी शरीर सरळ आणि सैल असतं. उलटं उभं राहिलं तर नेमक्या क्षणाला कंबर पिळवटलेली आणि हात थरथरता. डावा तळहात लेन्सच्या खाली, वरून पकडायची नाही. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. कॅमेरा भुवईवर दाबलेला. आणि बटण दाबल्यावर थांबायचं नाही, पक्ष्याबरोबर वळत राहायचं. थांबायच्या विचारानंच हात आधी थांबतो आणि चित्र पुसट येतं.

या हलक्या सामानाचा एक मोठा फायदा इथं कळला. १२००डी आणि ही लेन्स मिळून वजन किलोच्या आत, नऊशे ग्रॅमही भरत नाही. १५०-६०० मध्ये जी सर्वांत हलकी ती नुसती लेन्सच दोन किलोला टेकते. ती तासभर डोळ्याला लावून घारीमागे फिरवणं माझ्या मनगटांना झेपलं नसतं. माझी लेन्स मी सकाळभर फिरवू शकते.

तोटेही तितकेच खरे. या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि त्यातला मधला एकच काय तो भरवशाचा. म्हणून पक्षी त्या मधल्या बिंदूखालीच धरून ठेवावा लागतो. फोकस चालत्या वस्तूमागे जाईल अशा पद्धतीवर, एआय सर्व्होवर, ठेवायचा. लेन्सची मोटर सावकाश, आणि ‘जवळचं शोधू नकोस’ असं सांगणारी कळ तिच्यावर नाही. पक्षी बिंदूखालून सुटला की ती बिचारी या टोकापासून त्या टोकापर्यंत घरघरत जाते आणि परत येते, तोवर आभाळ रिकामं. उपाय असा की पक्षी येण्याआधी तेवढ्याच अंतरावरच्या बाभळीवर फोकस करून ठेवायचा. मग मोटरला थोडंसंच सरकावं लागतं. आणि जे पक्षी हवेत एका जागी थांबतात ते आधी काढायचे. पाण्यावर पंख फडफडवत मासा हेरणारा कवड्या धीवर, रानावर तरंगणारी कापशी घार. सावकाश लेन्सला हे दोघं फार मदत करतात.

सगळ्यात मोठा तोटा वेगाचा. हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो घेतो. १८८२ मध्ये एत्येन-ज्युल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं पक्ष्यांचं उडणं अभ्यासायला बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता, तो सेकंदाला बारा चित्रं घ्यायचा. मारेचा तो कॅमेराही हातात धरून, खांद्याला लावून चालवायचा होता. उडत्या पक्ष्याची छायाचित्रकला मुळात हातावरच जन्मली. माझ्या कॅमेऱ्याचा वेग त्याच्या पावपट. तीन फोटोंच्या मधल्या फटीत बगळ्याचा पंख वरून खाली जाऊन परत वर येतो. बटण दाबून धरलं आणि नशिबावर सोडलं तर तिन्ही फोटोंत पंख नको तिथं असतात. महागड्या कॅमेऱ्याचा माणूस सेकंदाला वीस घेतो आणि नंतर घरी बसून निवडतो. माझ्यासारखीला निवड तिथंच, काठावर, आधी करावी लागते. आणि अगदी हेच चाचा आयुष्यभर करत आले होते. बारा फोटोंचा रोल आणि भरायला वेळ घेणारा फ्लॅश या दोन अडचणींनी त्यांना जे शिकवलं, ते माझ्या स्वस्त कॅमेऱ्याला जसंच्या तसं लागू पडलं. मी भरपूर पैसेवाली असते तर कदाचित चाचांचं ऐकलंच नसतं.

मग मी पक्ष्यांची मनगटं शोधायला लागले. उठण्याआधी प्रत्येक पक्षी काहीतरी करतो. करकोचा मान पुढे काढतो, गुडघे किंचित दुमडतो. राखी बगळा अंग आवळून बारीक होतो. घार आणि इतर शिकारी पक्षी बहुतेक वेळा उडण्याआधी शिटतात; शेपूट उचललेली दिसली की श्वास रोखायचा. बदकं माना वरखाली करायला लागतात, आधी एक, मग शेजारचं, आणि ती लहर थव्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली की पाणी फुटतं. ही खूण ओळखता आली की तीन फोटोंतला पहिलाच बरोबर क्षणी पडतो. पंख वर ताणलेले, पाय पाण्यापासून नुकते सुटलेले, थेंबांची ओळ मागे.

उजेडाचं गणितही चाचांचंच. फिल्मच्या काळात त्यांच्याकडे उजेड मोजायचं यंत्र नव्हतं. भर उन्हात छिद्र सोळावर आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं, हा जगभरच्या फोटोग्राफरांचा जुना हिशोब त्यांना तोंडपाठ. मी तोच वापरते. आयएसओ ४०० ठेवला आणि छिद्र सोळावरून ५.६ पर्यंत उघडलं तर भर उन्हात शटर १/३२०० येतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याच्या निम्मं, १/१६००, आणि उडत्या पक्ष्याला तेवढं पुरतं. एकदा हे हातानं लावलं की मग कॅमेऱ्याला विचारायचं नाही. कॅमेऱ्याला विचारलं तर आभाळापुढे पक्षी काळा करतो आणि डोंगरापुढे पांढरा, कारण तो मागचं बघून ठरवतो. पक्ष्यावरचं ऊन मात्र आभाळापुढे आणि बालाघाटच्या डोंगरापुढे तेच असतं. फक्त बगळा असेल तर शटर एक पायरी वर न्यायचं, नाहीतर पिसांची पिठी होते.

दुसरं देणं आहे बिंदुसरा तलावावरच्या एका भोईदादांचं. ते थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायचे. बरेच दिवस त्यांनी मला नुसतं पाहिलं. मी ऊन पाठीशी घेऊन उभी राहायची, ते पुस्तकात वाचलेलं होतं. पण पक्षी उठले की सगळे माझ्याकडे शेपूट करून जायचे. एके दिवशी जाळं काठावर झटकताना ते म्हणाले, “म्याडम, ऊन पाठीशी घेता ते बराबर. पर वारं बी पाठीशी घ्या की. पाखरू वाऱ्याला त्वांड करूनच उठतंय अन् बसतंय बी. म्हंजी तुमच्याकडंच यील.”

एवढंच बोलून ते पाण्यात गेले. मी त्या दिवशी पहिल्यांदा काठावरची माती चिमटीत घेऊन सोडली आणि ती कुठं जाते ते पाहिलं. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून-पूर्वेकडून येतो, सकाळचं ऊनही पूर्वेचंच. म्हणजे हिवाळ्यात सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहिलं की ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी, आणि पाण्यावरून उठलेला पक्षी तोंड करून समोर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा होतो, मग सकाळ सोडायची आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर जायचं. ज्या माणसाची रोजीरोटी वाऱ्यावर सरकणाऱ्या तराफ्यावर आहे त्यालाच हे इतक्या थोडक्यात सांगता येतं. माझ्या फोटोंत पक्ष्यांचे चेहरे दिसायला लागले ते त्या सकाळपासून.

तिसरी व्यक्ती चाची. स्टुडिओच्या पाटीवर त्यांचं नाव कधी आलं नाही, पण फिल्मच्या काळात निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं डाग आणि सुरकुत्या घालवण्याचं काम घरात त्याच करायच्या. खिडकीशी मांडलेली काच, मागून उजेड, हातात टोक काढलेली पेन्सिल. नखाएवढ्या चेहऱ्यावर इतकी वर्षं काम केलेली नजर. फोटो पसंत करायचा तो त्यांनीच. मी छापून आणलेले लहान फोटो त्या डोळ्याला भिंग लावून बघतात आणि पहिल्यांदा एकच जागा बघतात, पक्ष्याचा डोळा. एकदा मी उघड्या चोचीच्या करकोच्याचा फोटो नेला होता. पंखांचं प्रत्येक पीस मोजून घ्यावं असं आलेलं. चाचींनी भिंग लावलं आणि फोटो बाजूला ठेवला. “पंख जिता है, डोळा मेला.” फोकस पंखाच्या खांद्यावर बसला होता, डोळा बोटभर मागे राहिला होता. लेन्स पूर्ण उघडी असली की या अंतरात तेवढा फरक पडतो. तेव्हापासून मी शक्य असेल तिथं छिद्र ५.६ वर न ठेवता ७.१ वर आणते. लेन्सही तिथं जरा धारदार होते आणि डोळा-पंख दोन्ही सांभाळले जातात. बदल्यात आयएसओ वाढतो आणि फोटोत दाणे येतात. दाण्यांबद्दल चाचींची तक्रार नसते.

२०१५चा पाऊस गेला आणि तलाव आटायला लागला. पुढचा उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आमच्याकडे माजलगाव धरण मृतसाठ्यात गेलं. तलाव आटतो तेव्हा सुरुवातीला पक्षी वाढतात. पाणी मागे सरतं, चिखल उघडा पडतो, शेकाटे आणि तुतारी काठाशी येतात, मासे उरलेल्या डबक्यात दाटतात म्हणून बगळे आणि चित्रबलाक तिथंच गोळा होतात. माझ्या छोट्या लेन्सला ते इतके जवळ कधीच मिळाले नव्हते. त्या हिवाळ्यातले माझे फोटो सर्वांत चांगले आहेत आणि ते मला बघवत नाहीत. दसरा-दिवाळीनंतर दरवर्षी माझ्या वर्गातली मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. पट निम्म्यावर येतो, काही हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची थेट पाडव्याच्या आसपास दिसतात. त्याच आठवड्यांत तलावावर उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. त्या वर्षी मुलं लवकर गेली, जास्त गेली. भोईदादाही जाळं घडी घालून घरी ठेवून गेले. मग चिखल वाळला, भेगाळला आणि पक्षीही गेले. टिटव्या तेवढ्या राहिल्या. त्या वर्षीचा चाचांचा हप्ता टिटवीचा आहे. भेगा पडलेल्या तळावरून ती ओरडत येते आहे, पंखांची काळी-पांढरी धार पूर्ण उघडलेली. चाचींनी तो फोटो पहिल्या नजरेत पसंत केला. २०१६च्या पावसाळ्याच्या शेवटी मराठवाड्यात चांगला पाऊस झाला, तलावात पाणी आलं आणि भोईदादा परत आले.

एक गोष्ट चाचांनी शिकवली ती लेन्सशी संबंधित नाही, पण माझ्या लेखी तीच सर्वांत मोलाची. एका हिवाळ्यात तलावावर बाहेरगावची काही मंडळी आली होती. हातात मोठमोठ्या लेन्स. चक्रवाकांचा छोटा थवा पलीकडे पाण्यात विसावला होता. उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांच्यातल्या एकानं दगड भिरकावला. थवा उठला, फिरून बसला. त्यानं पुन्हा भिरकावला. मी हे स्टुडिओत येऊन सांगितलं तेव्हा चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, एका लग्नात त्यांचा फ्लॅश ऐनवेळी पेटला नव्हता. घरच्यांनीच सुचवलं, हार काढून पुन्हा घालायला लावू. चाचांनी नको म्हटलं. “चुकलं तर माझं चुकलं. त्यांचं लग्न कशाला दोनदा लावू?” त्या लग्नाच्या अल्बममध्ये हाराचा फोटो नाही, आणि त्या घरातली पुढची लग्नंही चाचांनीच काढली.

चक्रवाक लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. इथं त्यांनी खायचं, अंगावर चरबी धरायची आणि मार्च-एप्रिलात तेवढ्याच वाटेनं परत जायचं. दगडानं उठवलेलं प्रत्येक उड्डाण त्यांच्या त्या शिदोरीतून जातं. मी तलावावर माझ्या शाळेतल्या मुलांना नेते तेव्हा कॅमेरा हातात देण्याआधी हे सांगते. उडणारा पक्षी हवा असेल तर तो त्याच्या कामानं उडेपर्यंत बसायचं. भूक लागली तर भाकरी तिथंच खायची.

मोराचा फोटो असाच बसून मिळाला. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झालं. सुमारे तीस चौरस किलोमीटरचा तो डोंगराळ टापू आहे, बोरी-बाभळी आणि उघडे माळ. मोर दिवसभर चालतो, उडतो तो मुख्यतः सांजेला, रात्रीच्या झाडावर चढताना. तेव्हा उजेड संपत आलेला असतो आणि या लेन्सची सगळी दुबळी बाजू एकदम उघडी पडते. छिद्र ५.६ पलीकडे उघडत नाही, आयएसओ ३२०० वर नेलं तरी शटर १/५०० च्या वर जात नाही. पण मोर जड आहे. पहिल्या काही फडफडाटांत तो जवळजवळ उभा वर जातो, मग पंख ताठ करून थोडा तरंगतो. त्या तरंगण्यात पंख हलत नाहीत. तिथं कंबर त्याच्याबरोबर नीट वळली तर १/५०० पुरतं. खूण एकच: झाडाकडे बघत तो दोनदा मान लांबवतो. चाचांच्या भाषेत, मामांचं मनगट. मी आठवड्यांमागून आठवडे एकाच लिंबाकडे तोंड करून बसत होते. ज्या संध्याकाळी तो मिळाला त्या संध्याकाळी पिसारा पूर्ण मागे ओढलेला, गळ्याचा निळा तेवढा शेवटच्या उजेडात पेटलेला, आणि डोळा जिवंत. दाणे भरपूर. चाचींनी भिंग खाली ठेवलं आणि चाचांना हाक मारली.

आता स्टुडिओत झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन अर्ज चालतात. चाचांचा मुलगा ड्रोन उडवून लग्नं काढतो, आणि चांगली काढतो. काउंटरमागच्या काचेत पूर्वी नवरा-नवरीचे मोठे फोटो असायचे, तिथं आता घार, गायबगळे, टिटवी, मोर असे माझे हप्ते ओळीनं लागलेले आहेत. अर्ज भरायला आलेले लोक विचारतात, हे कुणी काढले? चाचा माझं नाव सांगतात, आणि मला ते ऐकवत नाही. माझ्या हातातला कॅमेरा त्यांचा, कमरेतलं वळण त्यांचं, वारा भोईदादांचा आणि डोळा चाचींचा. पुढे माझ्या पगारात मोठी लेन्स घेण्याइतकी सोय झाली, तरी मी ती घेतली नाही. बाकी याच लेन्सनं फेडायची, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

सरकारनं २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. मी हप्ता त्याच आठवड्यात नेते. यंदा चक्रवाकांची जोडी काढली, दोघं समोरून, ऊन तोंडावर, सोनेरी-केशरी अंग आणि पंखाखालचा पांढरा पट्टा लखलखीत. मादीच्या उजव्या पंखाचं टोक मात्र चौकटीबाहेर गेलं. चाचींनी भिंग लावलंच नाही, नुसता फोटो परत सरकवला. चाचांनी वही उघडून यंदाच्या ओळीपुढची मोकळी जागा दाखवली. मी मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवून घेतली आहे.